रसविघ्न आणि छोटा पडदा

दूरचित्रवाणीचा दर्जा घसरला आहे आणि जाहिरातींच्या गर्दीत कार्यक्रम हुडकावा लागतो, ही तक्रार महाराष्ट्रातील घराघरांत इतकी वर्षे ऐकू येत आहे की तिच्यातला विचार मागे पडून नुसता सूर उरला आहे. ती साधारणपणे दोन अंगांनी मांडली जाते. पहिले अंग वेळेचे: तासाभरातील कितीतरी मिनिटे तेल, साबण, विमा आणि कर्ज यांच्या आवाहनांत जातात. दुसरे अभिरुचीचे: मालिका वर्षानुवर्षे लांबतात, पात्रे माणसांसारखी वागत नाहीत आणि बातम्यांचे भांडण झाले आहे. दोन्ही तक्रारी रास्त आहेत, परंतु जाहिरातींची गर्दी आणि कथेची घसरण यांचा एकमेकींशी नेमका काय संबंध आहे, हे त्यांतून उलगडत नाही. तो संबंध पाहणाऱ्याच्या मनात काय घडते यावर ठरतो. दुसऱ्याच्या सुखदुःखात रंगलेल्या मनाला दर काही मिनिटांनी त्याच्या स्वतःच्या गरजांची आणि उणिवांची आठवण करून दिली, तर त्या मनाचे काय होते, हा तो प्रश्न आहे, आणि तो मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. भारतीय काव्यशास्त्राने त्याचा विचार हजार वर्षांपूर्वी केलेला असून तो आजच्या पडद्याला आश्चर्य वाटावे इतका लागू पडतो.

या विचाराचे बीज भरताच्या नाट्यशास्त्रातच आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जाऊन डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल असे 'क्रीडनीयक', म्हणजे मन रमवण्याचे साधन, मागतात, आणि ब्रह्मदेव चारही वेदांतून सार घेऊन सर्व वर्णांना खुला असा पाचवा वेद, नाट्यवेद, निर्माण करतो. मात्र इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग सुरू होतो न होतो तोच विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्ने चालून येतात आणि नटांची वाणी, हालचाल व स्मृती गोठवून टाकतात. इंद्र ध्वजदंडाने त्यांना जर्जर करतो, त्या दंडालाच पुढे 'जर्जर' हे नाव मिळते, विश्वकर्मा नाट्यगृह बांधतो आणि त्याच्या एकेका भागाच्या रक्षणासाठी देवतांची नेमणूक होते. नाट्यगृहाच्या भिंती मुळात व्यत्यय बाहेर ठेवण्यासाठी उभ्या राहिल्या, असे ही कथा सांगते. प्रयोगाची अखंडता ही प्राचीनांच्या दृष्टीने देवांनी राखण करावी अशी गोष्ट होती.

काश्मीरचा शैव तत्त्वज्ञ अभिनवगुप्त याने दहाव्या शतकाच्या अखेरीस आणि अकराव्याच्या आरंभी नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीका लिहिली. तिच्यात ही विघ्ने रंगभूमीवरून उचलून थेट प्रेक्षकाच्या मनात नेऊन बसवलेली आहेत. त्याच्या मते रसाची प्रतीती म्हणजे सर्व विघ्नांपासून मुक्त झालेली प्रतीती होय. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणारे हरिण येते, ते उदाहरण घेऊन त्याने हा मुद्दा समजावला आहे. ते वर्णन ऐकताना सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या रसिकाच्या, मनात भय उमटते, पण ते भय 'मला वाटते' असे नसते आणि 'त्या हरणाला वाटते, त्याच्याशी माझा काय संबंध' असेही नसते. शत्रू, मित्र किंवा तिऱ्हाईत असे कोणतेही नाते त्या भयाला चिकटलेले नसते. भावनेवरची 'माझे' आणि 'परक्याचे' ही मोहोर पुसली जाऊन ती सर्वांची होते. भट्टनायकाने या प्रक्रियेला 'साधारणीकरण' असे नाव दिले होते आणि अभिनवगुप्ताने ते स्वीकारून आपल्या मांडणीच्या केंद्रस्थानी ठेवले. अशा अवस्थेत जाणीव स्वतःच्या ठिकाणी थांबते, तिला काही मिळवायचे किंवा टाळायचे नसते, आणि म्हणून त्याने तिला 'विश्रांती' म्हटले व ब्रह्मानुभवाच्या शेजारी नेऊन बसवले. ही अवस्था घडू न देणारी सात रसविघ्ने त्याने सांगितली आहेत. त्यांतील दुसरे म्हणजे पाहिलेले सुखदुःख केवळ स्वतःचे किंवा केवळ परक्याचे मानून विशिष्ट स्थळकाळात अडकणे आणि तिसरे म्हणजे निजसुखादिविवशीभाव, अर्थात प्रेक्षक आपल्याच सुखदुःखांच्या ताब्यात सापडणे. या दोहोंचा प्रस्तुत विषयाशी सर्वांत जवळचा संबंध आहे.

जाहिरात हा या दोन विघ्नांचा पद्धतशीर व्यवसाय आहे. कोणत्याही मराठी वाहिनीवरील रात्री आठच्या मालिकेचा एखादा बरा प्रसंग घ्यावा. लेकीच्या घरून अपमानित होऊन परतलेला बाप ओसरीवर बसला आहे, आई त्याला काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करते, आणि नटांच्या संयमामुळे त्या अर्ध्या मिनिटात काहीतरी खरे घडू लागते. पाहणारी व्यक्ती त्या वेळी कोणाचीच लेक किंवा कोणाचाच बाप राहिलेली नसते. नेमक्या त्याच जागी पडदा उजळतो, आवाज चढतो आणि पहिल्या दहा सेकंदांत केस गळतात का, पुढच्या वीस सेकंदांत पित्त होते का, त्यापुढे घराच्या हप्त्याची सोय झाली का, मुलाची उंची वाढते आहे का, असे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. प्रत्येक प्रश्न दुसऱ्या पुरुषात असतो आणि प्रत्येक प्रश्न पाहणाऱ्याला त्याच्या शरीरात, त्याच्या पगारात आणि त्याच्या शेजाऱ्याशी असलेल्या तुलनेत परत आणून उभे करतो. रसाला ममत्वाचे विस्मरण लागते, तर जाहिरातीला ममत्वाची जागृती लागते, तीही उणिवेच्या रूपात, कारण तृप्त माणूस काही विकत घेत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनाकडून, एकाच बैठकीत आणि पाळीपाळीने मागितल्या गेल्या तर दुसरी जिंकते; स्वतःची काळजी जागवायला एक वाक्य पुरते, ती विसरायला मात्र बराच वेळ लागतो. म्हणून जाहिरातींनी घेतलेली मिनिटे मोजून नुकसानीचा हिशेब लागत नाही. जाहिरातींच्या विश्रामानंतरची पहिली काही मिनिटे प्रेक्षक कथेत नसतोच, आणि कथेत पुन्हा उतरेपर्यंत पुढचा विश्राम येतो.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. मराठी रंगभूमी आणि लोककला व्यत्ययांनी भरलेल्या होत्या. संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पदाला प्रेक्षक 'वन्समोअर' देत आणि शोकाकुल नायिका तेच पद पुन्हा गात असे. तमाशाच्या फडात दौलतजादा होई, पैसे देणाऱ्याचे नाव पुकारले जाई आणि फर्माइशीपायी बारी लांबे. मग अखंडतेचा आग्रह हा पोथीतला आग्रह ठरत नाही काय? येथे व्यत्ययाची जात पाहिली पाहिजे. 'वन्समोअर' रसातून उपजतो. प्रेक्षकाला त्याच रसात आणखी राहायचे असते म्हणून तो कथेचा प्रवाह थांबवतो. दौलतजादाची प्रथा कलावंत स्त्रियांच्या मानहानीसह आली, हे विसरता येणार नाही, परंतु तिच्यात देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू तिघेही उघड्यावर होते: प्रेक्षक पैसे देई आणि कला घेई. दूरचित्रवाणीच्या व्यवहारात पैसे देणारा जाहिरातदार आहे, घेणारी वाहिनी आहे, आणि जी वस्तू दहा-दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते ती प्रेक्षकाचे अवधान आहे. ग्राहकाच्या जागी बसलेला माणूस येथे माल झालेला असतो आणि ते त्याला सांगितले जात नाही. तमाशाच्या तंबूत तिकीट काढून बसलेल्या माणसाची अवस्था अशी नव्हती.

हे लिहिताना जुन्या दूरदर्शनला सोनेरी चौकट घालण्याचा मोह टाळला पाहिजे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'आमची माती, आमची माणसं' यांसारख्या कार्यक्रमांनी आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ने मराठी घरांत जो विश्वास मिळवला, तो खरा होता. पण त्याच संस्थेने आणीबाणीत सरकारची भाषा बोलली, तिचे कितीतरी तास कंटाळवाणे होते, आणि १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती तिथेही आल्या. फरक जाहिरातींच्या असण्यात नव्हता, त्यांच्या जागेत होता. त्या काळात जाहिराती प्रामुख्याने कार्यक्रमाच्या आधी गर्दी करून येत. एकदा कार्यक्रम सुरू झाला की तो आपल्या गतीने चाले. शिवाय बहुसंख्य मालिका आठवड्यातून एकदा येत आणि तेरा किंवा सव्वीस भागांत संपत, त्यामुळे कथेला शेवट असतो ही जाणीव लेखकाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, 'आभाळमाया'सारख्या आरंभीच्या मालिकांनी मध्यमवर्गीय स्त्रीच्या नोकरीचा आणि संसाराचा प्रश्न गांभीर्याने हाताळला, आणि काही वर्षांतच साप्ताहिक मालिकेची जागा रोजच्या मालिकेने घेतली.

रोजच्या मालिकेची रचना बारकाईने पाहिली तर ध्यानात येते की व्यत्यय आता कथेच्या बाहेर राहिलेला नाही; कथेनेच व्यत्ययाचा आकार घेतला आहे. अर्ध्या तासाच्या भागात कथेला सुमारे बावीस मिनिटे मिळतात. त्यांत आरंभी मागील भागाची उजळणी असते, शेवटी पुढील भागाची झलक असते, आणि मधल्या मिनिटांत एखादे वाक्य उच्चारले गेले की खोलीतल्या प्रत्येक पात्राच्या चेहऱ्यावर कॅमेरा झडप घालतो. सासू, धाकटी जाऊ, दारात उभा असलेला नोकर, पुन्हा सासू, आणि प्रत्येक झडपेला ढोलाचा एक ठोका. अभिनवगुप्ताने सहावे विघ्न 'अप्रधानता' असे सांगितले आहे: जे गौण आहे ते मुख्याच्या जागी आणले की मन तिथे स्थिरावत नाही, कारण गौण वस्तू स्वभावतःच दुसरीकडे बोट दाखवत असते. चेहऱ्यांवरच्या त्या फेऱ्या वेळ भरण्यासाठी असतात आणि प्रेक्षकाला ते कळते. सातवे विघ्न संशयाचे, म्हणजे दाखवलेल्या लक्षणावरून भाव कोणता हे निश्चित न होण्याचे. डोळ्यांतील पाणी आनंदाचेही असू शकते आणि नेत्ररोगाचेही. प्रत्येक विश्रामाच्या आधी दार उघडते, कोण आले ते दिसत नाही, आणि परतल्यावर दूधवाला निघतो. काव्यशास्त्राने जो संशय दोष म्हणून टाळायला सांगितला, तो येथे प्रेक्षकाला जाहिरातींच्या पलीकडे ओढून नेण्याचे मुख्य यंत्र झाला आहे. पहिले विघ्न, म्हणजे जे दाखवले आहे ते घडू शकेल असे हृदयाला न पटणे, याविषयी निराळे लिहायला नको; तीनदा मरून परत आलेली पात्रे त्याची साक्ष देतात.

लेखकांची प्रतिभा आटली म्हणून हे झाले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ही माणसे नाटकांत आणि चित्रपटांत आजही चांगले काम करतात. मालिकेत त्यांना ज्या मोजमापाखाली काम करावे लागते, तिथे अडचण आहे. टीआरपी या नावाने ओळखली जाणारी मोजणी निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवर चालते. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी ध्वनिखूण ते यंत्र टिपते, आणि घरातील कोण पाहत आहे हे कळावे म्हणून प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे असते. या व्यवस्थेला संच चालू आहे आणि माणूस खोलीत आहे एवढेच कळते. तो भाजी निवडत आहे की गहिवरला आहे, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. रसाची प्रतीती आणि खोलीतील हजेरी यांना एकच आकडा मिळतो, म्हणून हजेरी टिकवणे हेच कसब ठरते आणि रस निर्माण करणे ही जोखीम ठरते, कारण खोल दुःख पाहिलेला माणूस काही काळ पडदा बंद करून गप्प बसू शकतो.

शेवटची सीमाही आता पुसली गेली आहे. हळदीकुंकवाच्या प्रसंगात नायिका विशिष्ट पेढीचे दागिने मैत्रिणींना दाखवते, स्वयंपाकघरात मसाल्याचे पाकीट नाव दिसेल अशा बेताने धरले जाते आणि सासूचा रुसवा त्या मसाल्याच्या आमटीने निघतो. सलग जाहिरात निदान आपले वेगळेपण कबूल करत होती. येथे पात्राचे प्रेमच विक्रीच्या कामाला लावले जाते, आणि पुढच्या वेळी तेच पात्र रडू लागले की ते कशासाठी रडत आहे, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात कायमची घर करते. सहृदयाची व्याख्या करताना अभिनवगुप्ताने काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो, असे सांगितले होते. सहृदय हा घडवावा लागतो, असा त्याचा अर्थ आहे, आणि ज्याअर्थी तो घडवता येतो त्याअर्थी तो बिघडवताही येतो. वीस वर्षे रोज रात्री अशा कथांची सवय लागलेल्या पिढीला एखाद्या संथ, समर्थ नाटकात बसवत नाही, याचा दोष तिच्या बुद्धीला देता येत नाही.

धर्माच्या बाजूने पाहता हा प्रश्न आणखी टोकदार होतो. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दाखवली गेली, तेव्हा अनेक घरांत संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई आणि लोक चपला बाहेर काढून बसत. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८५ मध्ये, अमेरिकन विचारवंत नील पोस्टमन याने असे मत मांडले होते की ज्या पडद्यावर सतत लौकिक गोष्टी आणि विक्री चालते तो पडदा पवित्र करता येत नाही. जागेला पावित्र्य यायचे तर तिथे वागण्याचे काही नियम पाळले जावे लागतात आणि घरातल्या पडद्यापुढे तसे कोणी वागत नाही. भारतीय घरांनी ते नियम आपण होऊन पाळले आणि पोस्टमनला काही काळ तरी खोटे ठरवले. उंबरठ्यावर काढलेली पायताणे आणि उदबत्ती यांनी दिवाणखान्याचे नाट्यगृह केले, आणि तेवढा वेळ तरी विघ्ने दाराबाहेर राहिली. त्या मालिकेचे तंत्र ओबडधोबड होते, हे त्या श्रद्धेच्या आड आले नाही. आजच्या पौराणिक मालिकांचे तंत्र कितीतरी सफाईदार आहे, परंतु रामाच्या वनवासगमनानंतर लगेच प्रवासाच्या सवलतींची जाहिरात लागते आणि पडद्याच्या तळाशी, सीतेच्या पायांवरून, पुढच्या कार्यक्रमाची पट्टी सरकत जाते. अशा पडद्यापुढे हात जोडण्याची ओढ कोणाला झालीच, तरी ती टिकून राहायला अवकाश मिळत नाही.

मराठी परंपरेने देवाची कथा आणि पैसा यांच्या नात्याचा विचार फार नेमकेपणाने केलेला आहे. ज्या गावी कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या जनावरासाठी वैरणदेखील मागू नये, इतका कडक नियम तुकाराममहाराजांनी सांगितला आणि द्रव्य घेणारा व देणारा या दोघांनाही सारखेच दोषी धरले. हा नियम सर्वांनी पाळला असे नाही; नारदीय कीर्तनात बुवांना हार घालण्याची आणि शेवटी आरतीचे ताट फिरवण्याची रीत आहेच. पण त्या रीतीतही जागा ठरलेल्या आहेत. पूर्वरंग म्हणजे तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंग म्हणजे ते तत्त्व पटवणारे आख्यान. या दोहोंच्या मध्ये थांबा येतो तेव्हा तो नामाच्या गजराने भरला जातो, म्हणजे विश्रामसुद्धा श्रोत्याला विषयाच्या अधिक जवळ नेतो. ताट फिरते ते आख्यान पुरते झाल्यावर. आख्यान ऐन रंगात असताना, द्रौपदीने कृष्णाचा धावा सुरू केला असताना, बुवांनी थांबून गावातल्या सावकाराच्या व्याजदराची माहिती दिली असती तर श्रोत्यांनी ती सहन केली नसती. ते श्रोते अडाणी होते की नव्हते, हा मुद्दाच नाही. कथेच्या आत कशाला शिरू द्यायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बातम्यांना रसाचा सिद्धान्त थेट लावता येत नाही, कारण तिथे दुःख खरे असते आणि त्याला उत्तर द्यायचे असते. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९–१९४३) हिने निखळ अवधान आणि प्रार्थना यांचे द्रव्य एकच मानले आणि पीडिताकडे पूर्ण लक्ष देऊन त्याला काय होत आहे हे विचारता येणे, हेच शेजाऱ्यावरचे प्रेम होय असे म्हटले. मराठवाड्यातील गारपिटीने झोपलेले शेत चार सेकंद दिसते, त्याच्या भोवती तीन बाजूंनी पट्ट्या असतात, आणि शेतकऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी चर्चेच्या चौकटी उघडतात, तेव्हा असे लक्ष देणे पाहणाऱ्याच्या इच्छेवर उरत नाही.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन घटका करमणूक हवी असते, त्याच्यापुढे अभिनवगुप्त कशाला, असा दुसरा आक्षेप येतो. त्याचे उत्तर भरतानेच दिलेले आहे. दुःखाने पिडलेले, श्रमाने थकलेले, शोकात बुडालेले आणि तपाने शिणलेले अशा सर्वांना योग्य वेळी विश्रांती देणारे म्हणून त्याने नाट्याचे वर्णन केले. विद्वानांची त्या यादीत नोंद नाही, थकलेल्यांची आहे. म्हणजे करमणूक ही नाट्याची पडती बाजू नसून त्याचे ब्रीद आहे, आणि छोट्या पडद्याला विचारायचा प्रश्न तोच आहे: त्याने विश्रांती मिळते का? गिरणीतून, बँकेतून किंवा शेतातून आलेला माणूस रात्री साडेदहाला उठतो तेव्हा त्याच्या मनात तीन अर्धवट कथा, चार अनोळखी काळज्या आणि एक अस्पष्ट चीड असते. त्याची करमणूक पुरेशी केली गेली नाही, ही तक्रार त्याच्याच बाजूची आहे.

पडदा बंद करावा, हा सल्लाही नेहमीचा आहे. त्यामागे एक जुना आणि आदरणीय विचार उभा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी सनत्कुमार नारदाला सांगतो की आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, अंतःकरण शुद्ध झाले की स्मृती स्थिर होते आणि स्मृती स्थिर झाली की हृदयाच्या गाठी सुटतात. ज्याच्या गादीवर उभे राहून महाराष्ट्रात कीर्तन केले जाते, त्याच नारदाला हा उपदेश मिळालेला आहे. रामानुजाचार्यांच्या परंपरेने येथे आहार म्हणजे अन्न असा अर्थ घेतला, परंतु शंकराचार्यांनी शब्द, रूप आदी विषयांचे जे ज्ञान भोक्ता आत घेतो ते सारे आहारच होय, असे भाष्य केले. बौद्ध परंपरेनेही चार आहार मानले आणि त्यांत इंद्रियस्पर्शाला घासाच्या अन्नाशेजारी स्थान दिले; संयुत्त निकायात या स्पर्शाहाराला कातडे सोललेल्या गाईची उपमा आहे, जी कुठेही उभी राहिली तरी तिथले जीव तिला कुरतडतात. तेव्हा डोळ्यांच्या आहाराचा संयम पाळावा हे खरे. पण संयमाचा उपदेश ज्याला दार बंद करून घेता येते त्यालाच करता येतो. दोन खोल्यांच्या घरात संच एकच असतो आणि तो सगळ्यांच्या मध्ये असतो. मुले परगावी गेलेल्या वृद्धेला सात वाजता देवापाशी दिवा लावल्यानंतर बोलणारा एवढा एकच आवाज उरलेला असतो. तिच्या एकटेपणावर उभारलेल्या व्यवहाराची जबाबदारी तिच्या बोटांवर आणि रिमोटवर ढकलणे न्यायाचे नाही.

ही जबाबदारी कायद्याने काही अंशी ओळखलेली आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे, म्हणजे दहा मिनिटे व्यापारी जाहिराती आणि दोन मिनिटे वाहिनीची स्वतःची जाहिरात, अशी मर्यादा आहे, आणि जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसावी, पडद्याच्या खालच्या भागात मजकूर फिरवून तिने कार्यक्रमात अडथळा आणू नये, असेही त्याच नियमांत लिहिलेले आहे. बारा मिनिटे वजा केल्यावर अठ्ठेचाळीस उरतात, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचा एक मुहूर्त होतो. जैन श्रावक सामायिकासाठी, म्हणजे समभावात बसण्यासाठी, नेमका एवढाच वेळ ठरवून घेतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण एका मुहूर्ताइतक्या सलग वेळात माणसाच्या मनात काय घडू शकते याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला असता तर मिनिटे मोजण्याबरोबर त्यांची जागाही त्यांनी ठरवून दिली असती. प्रत्यक्षात २०१२-१३ मध्ये ही मर्यादा काटेकोरपणे लागू करण्याचा प्रयत्न दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केला तेव्हा वाहिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठले. जाहिरातींशिवाय खर्च कसा निघणार, हा त्यांचा युक्तिवाद पूर्वी तरी समजण्यासारखा होता. २०१९ च्या नव्या दरपद्धतीपासून प्रेक्षक सशुल्क वाहिनीचे पैसे वेगळे मोजतो आणि जाहिरातीही पाहतो, म्हणजे तो दाम देतो आणि स्वतः विकलाही जातो. जाहिराती बंद कराव्यात अशी मागणी कोणी करत नाही. त्या कार्यक्रमाच्या दोन्ही टोकांना ठेवाव्यात, पडद्याच्या तळाची पट्टी आणि पात्रांच्या तोंडची शिफारस नियमात लिहिल्याप्रमाणे खरोखर थांबवावी, आणि निदान करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने रोज रात्री एक नाटक, एक कीर्तन किंवा एक कथा आरंभापासून शेवटापर्यंत अखंड दाखवावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, उपग्रह लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही.